डोमाजी काकांचा ग्रेड वन खांब

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, माझ्या औषधांच्या दुकानासमोर, कमरेएवढा एक दगडी खांब आहे. तिथून कुणी स्कूटर जरा जोरात नेली की डोमाजी काका ओट्यावरून हात आडवा करतात. "हळू वं, ग्रेड वन हाये तो." माणसाला लागलं तर औषध समोर मिळतं, खांबाला लागलं तर कुठून आणायचं, असा त्यांचा सवाल.

हे ग्रेडचं वेड त्यांना शहराच्या वारसा समितीच्या कचेरीत लागलं. खांबासाठी अर्ज द्यायला गेले आणि तीन श्रेण्या शिकून आले. ग्रेड वन म्हणजे हात लावायचा नाही. ग्रेड टू म्हणजे बाहेरून जसंच्या तसं, आत गरजेपुरता बदल चालतो. ग्रेड थ्रीत बदल पुष्कळ चालतात, ओळख राहिली म्हणजे झालं. तेव्हापासून त्यांच्या जगात श्रेणीबाहेर काही उरलं नाही. भिवापूरची मिरची ग्रेड वन. कोपऱ्यावरचे तर्री-पोहे ग्रेड टू, कारण "तर्री तीच हाये, मालक बदलला." माझे यजमान ग्रेड थ्री. कारण मी विचारलं नाही.

ही गल्ली विणकरांची. पूर्वी ताण्याचं सूत गल्लीभर लांब पसरायचे, दोन टोकांच्या दोन खांबांना बांधायचे आणि पेज लावून वाळवायचे. त्याला पाजणी म्हणत. ओलं सूत खाली टेकू नये म्हणून गल्लीतली पोरं ते हातात धरून उभी राहत. आता माग गेले, पोरं बँकेत आणि मोबाईलच्या दुकानात गेली, वरच्या टोकाचा खांब नालीच्या कामात गेला. हा एकटा राहिला. त्यातच सिमेंटचा रस्ता मंजूर झाला आणि ठेकेदाराने खांबावर चुन्याची फुली मारली. समितीने यादीत घेतला तरच तो वाचणार होता.

कचेरीत विचारत, इमारत किती जुनी, बांधणी कोणती, कुणी नामांकित माणूस राहून गेला का. काका म्हणत, खांबात कोण राहीन जी? मी एकदा सरळ म्हटलं, काका, एका दगडापायी किती चपला झिजवता? त्या दिवसापासून मीही ग्रेड थ्री.

त्यांच्या पत्नी सिंधूकाकू याच गल्लीतल्या, माहेरही इथलंच. त्यांच्या विसरण्यावरच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात. तरी रोज सकाळी त्या मारुतीला एकट्या जात आणि एकट्या परत येत. सोबत जात जा, असं मी काकांना सांगितलं की ते म्हणत, "घरी येते वं बरोबर."

शेवटी समितीच्या बाई पाहणीला येणार, असं कळलं. आदल्या दिवशी काका नात्यातल्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, पहिल्या बसने उमरेडला गेले. इकडे गणेश मंडळाच्या मंडळींना वाटलं, पाहुणे येणार, खांब चांगला दिसायला नको? त्यांनी सकाळीच त्याला गुलाबी ऑइलपेंट दिला, वर झेंडूचा हार घातला. काकू देवळातून आल्या, खांबाशी थांबल्या, त्याच्याकडे बघितलं आणि सरळ पुढे निघून गेल्या. मला वाटलं, भाजी आणायला चालल्या असतील. दुपारी त्या बसस्टॉपवर बसलेल्या सापडल्या. मी स्कूटरवर बसवून घरी आणलं.

संध्याकाळी काका आले. मी झालेलं सांगितलं. त्यांनी घरातलं उलथणं आणलं आणि खांबाशी बसून रंग खरवडायला लागले.

"नाव विसरते, पोराचं तोंड विसरते," ते खाली बघतच म्हणाले. "पण खांबाले हात लागला का घर समजते तिले. लहानपणी याच खांबाले सूत बांधे ना."

"मग हे समितीला काहून नाही सांगत?"

"त्यांच्या नियमात बसत नाही ते."

मी म्हटलं, काका, तुमच्या हिशेबाने काकू आता ग्रेड टू झाल्या.

उलथणं थांबलं. "आतून बदल झाला म्हणून ग्रेड कमी होते काय वं?"

मी दुकानातून स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला आणि शेजारी बसले.

सकाळी समितीच्या बाई आल्या तेव्हा अर्धा खांब दगडी होता, अर्धा गुलाबी. रंगाने मूळ रूप बिघडतं, असं त्यांनी ऐकवलं, आणि हे ऐकवायला काकांसारखा चुकीचा माणूस दुसरा नव्हता. मग त्यांनी खांबाचं महत्त्व विचारलं. काकांनी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, पेजेपर्यंत आले आणि अडकले, कारण काकू देवळातून येत होत्या.

गुलाबी बाजूशी त्या थबकल्या. मग वळसा घालून आल्या आणि दगडावर तळवा ठेवला. तिथेच उभ्या राहिल्या.

समितीच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दोन वाक्यांत सांगून टाकलं. यादीचा निर्णय समितीचा, त्या म्हणाल्या, पण तोवर खांबाला कुणी हात लावणार नाही; आणि तिथूनच ठेकेदाराला फोन केला.

काकूंना त्याचं काही नव्हतं. नवऱ्याला जन्मभर 'अवो' म्हणणाऱ्या त्या बाईने काकांकडे गल्लीतल्या एखाद्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

"सूत ओलं हाये गा अजून. सोडशील नको."

काकांनी रिकाम्या मुठी घट्ट धरल्या.

"नाही सोडत वं."