लिंबाखालचा तांब्या

शांताबाईनं मन्मथ भावजींच्या हातातला तांब्या हिसकावला, तेव्हा ते खाली पडले. पांढरी विजार गुडघ्यावर फाटली. तांब्यातलं पाणी लिंबाच्या बुडाशी सांडलं आणि सांडल्या सांडल्या जमिनीनं गिळलं. टँकरच्या रांगेतल्या बायका घागरी सोडून धावत आल्या.

"सर, लाज हाय का? माझी नातवंडं वाटीनं पाणी पिऊन राहिलीत, अन् तुम्ही मातीला पाजायलात!"

भावजी धूळ झटकत उठले. "शांताबाई, हे बी होऊन गेलंय. पाण्यावरची भांडणं त्यांनी लिहून ठेवलीत."

"कुनी?"

"चार हजार वर्षांमागच्या लोकांनी."

"मग त्यांच्याकडंच जावा घागर घेऊन!"

बायका हसल्या, पण त्यांचा राग उतरला नव्हता. गल्लीनं तिथंच ठरवलं: पुन्हा हे दिसलं तर सरांच्या घराची घागर रांगेबाहेर. सरांचं घर म्हणजे माझंही घर. मालक गेल्यावर मी गावचं बिऱ्हाड मोडून लातूरला या दिराकडं आले होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि त्यांना साधा चहा करता येत नव्हता.

भावजी जी भाषा शिकले होते ती बोलणारं माणूस जगात उरलेलं नाही. आधी हैदराबादला शिकले, मग सरकारच्या खर्चानं जर्मनीला. त्या चार हजार वर्षांमागच्या लोकांकडं कागद नव्हता. ओल्या मातीच्या वड्यांवर ते बोरूनं खिळ्यासारख्या खुणा दाबायचे. एवढं शिकून आले, तर कॉलेजानं त्यांना नागरिकशास्त्र दिलं. सगळ्या मराठवाड्यात ती भाषा येणारे ते एकटेच, म्हणून चुकलं तरी सांगणारं कोणी नव्हतं, आणि बरोबर आलं तरी नव्हतं.

हात बसावा म्हणून ते घरीच वड्या करायचे. कुंभाराकडची माती आणायची, मळायची, ज्वारीच्या धांड्याचं टोक तासायचं आणि खुणा दाबत बसायचं. वड्या गच्चीवर वाळायच्या. मी एक वडी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली होती. भावजींनी ती उचलून वाचली.

"वहिनी, ह्याच्यावर राजाची लढाई हाय."

"मग असू द्या. मुंग्या येत न्हाईत."

नवं काही घडलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: हे बी होऊन गेलंय. लातूर जिल्हा झाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. भावजींनी पेढा घेतला, खाल्ला आणि वाटणाऱ्याला सांगितलं, "त्यांची राजधानी होती, लई मोठी. आता तिथं कोल्हे हायेत." त्याच्यानंतर आमच्या घरी पेढे आले नाहीत.

पुढं दुष्काळ पडला. नव्या जिल्ह्याला नवा कलेक्टर मिळाला, नवी कचेरी मिळाली, पाणी तेवढं मिळालं नाही. भावजींनी माती मळायचं आपणहून बंद केलं. मला वाटलं, माणूस शहाणा झाला. पण सकाळचा तांब्या बंद झाला नाही. रोज लिंबाखाली उभं राहून, ओठ हलवत, ते हळूहळू पाणी ओतायचे. चांगल्या दिवसांत कोणाला वाटायचं झाडाला घालतात, कोणाला वाटायचं देवाला. दुष्काळात तोच गुन्हा झाला.

मारामारीच्या दिवशी मी त्यांच्या गुडघ्याला हळद लावली आणि विचारलं, "कुणाला ओतता?"

"त्यांच्यात असं मानतात वहिनी, मेलेल्याला तिकडं धूळ खावी लागते. मागं कुणी नाव घेऊन पाणी ओतलं तरच त्याची तहान भागते."

"आपल्यात तर मेलेला शिवात मिळतो. त्याला कशाची तहान?"

"न्हाईच. पण त्यांचं खरं असलं तर?"

"मग त्या राजांना कामून पाजता? तुमचे कोण लागतात?"

"राजांना पाजणारे लई होते," ते म्हणाले. "माझ्या वाटणीचं पाणी वेगळं काढा. गल्लीनं विचारलं तर सांगा, सर आपलंच ओततात."

मी त्यांचा दिवसभराच्या पिण्याचा तांब्या वेगळा काढू लागले. गल्लीलाही सांगितलं. शांताबाई म्हणाली, "त्यांचं पाणी हाय, पिऊ द्या न्हाईतर सांडू द्या," आणि घागर रांगेत राहिली.

एका सकाळी लिंबामागं पाचोळा झाडताना मी ऐकलं. आधी ते त्या भाषेत काहीतरी पुटपुटले. मग पाणी ओतत म्हणाले, "गिरिजा."

गिरिजा माझी मुलगी. मागच्या मोठ्या दुष्काळात, आम्ही औशाकडं गावी होतो तेव्हा, मी खडी फोडायला जायचे. तिला झाडाखाली झोळीत ठेवायचे. हगवण लागली आणि गेली. अजून चालतही नव्हती. भावजी तेव्हा जर्मनीला होते. तिचं नाव त्यांनी तिकडून कळवलं होतं, पण तिला पाहिलं नव्हतं. तिला पुरल्यावर मालकांनी घरात सांगितलं, पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. कोणी काढलं नाही. मीही नाही.

मी झाडू घेऊन आत आले आणि भाकरी टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तांब्यात माझ्या वाटणीतलं थोडं घालू लागले. त्यांनी प्यावं म्हणून घालत होते. त्यांनी तेही ओतलं.

उन्हाळा संपता संपता ते कॉलेजाच्या दारात कोसळले. दवाखान्यात डॉक्टर मला खवळला, "ह्यांना घरी पाणी देत न्हाई का?" लघवी बंद झाली होती. भावजी माझ्याकडं बघून एवढंच बोलले, "हे बी..."

आता सकाळी मी तांब्या घेऊन लिंबाखाली जाते. त्यांची भाषा मला येत नाही, मी चौथी शिकलेली. दोन नावं घेते आणि ओतते. शांताबाई दारातून बघते आणि घरात जाते.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं एकच माणूस गेलं. शांताबाई जगली, तिची नातवंडं जगली, मी जगले.