बिनवासाची मासळी

लोक कादंबऱ्या वाचतात तसे गोविंदराव पोटनीस परक्यांचे प्रबंध वाचत. दर शनिवारी सकाळच्या एस.टी.नं ठाण्यामार्गे मुंबई गाठायची, कॉलेजांच्या ग्रंथालयांतून कुणी न उघडलेले डॉक्टरेटचे जाडजूड प्रबंध काढायला लावायचे, वहीत टिपणं करायची आणि रविवारी बंदराकडच्या चहाच्या दुकानात ते आम्हाला कहाणीसारखे ऐकवायचे. "आणि मग काय झालं ठाऊक आहे? द्रावण एकदम निळं पडलं!" असं म्हणून ते थांबत. द्रावण निळं पडल्याचा धक्का बसलेला माणूस त्या दुकानात मी तरी कधी पाहिला नाही.

मी पनवेलच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. त्यामुळे हे सगळं ऐकून घेणं माझं कर्तव्यच आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या घरावर पाटी होती : 'विद्यापीठातील संशोधनापासून धंदे काढून मिळतील. चौकशी आत करावी.' पिठाच्या गिरणीला शोभेल असली ती पाटी. आत चौकशीला कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. पण गोविंदरावांना त्याची फिकीर नव्हती.

"मास्तर, भाताला अडत्या लागतो की नाही? शेतकरी पिकवतो, व्यापारी घेतो, मधे अडत्या. मग विद्येलाच का नको? प्राध्यापक पिकवतात आणि नेऊन कपाटात ठेवतात. कपाटात कुजतंय हो सगळं, कपाटात कुजतंय!"

मला विचाराल तर त्यातलं बरंचसं कुजण्याच्याच लायकीचं होतं. एकदा चिंचोक्याच्या खळीवरचा प्रबंध त्यांच्या हाती लागला. इतकी चिकट खळ जगात नाही म्हणून त्यांनी तंबूतल्या सिनेमावाल्याला गाठलं. गावभर त्या खळीनं जाहिराती चिकटल्या. खळ खरोखरच उत्तम होती, इतकी की पनवेलमधल्या झाडून साऱ्या शेळ्यांनी दुपारच्या आत नायक, नायिका आणि खेळाच्या वेळा चाटूनपुसून खाल्ल्या. गोविंदराव म्हणाले, "बघा, म्हणजे पौष्टिकही आहे!"

अशा माणसाला एके दिवशी डॉक्टर वर्दे बाई सापडल्या.

या बाई मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करत. आठ वर्षं खपून त्यांनी सुक्या मासळीचं पीठ तयार केलं होतं. पांढरंशुभ्र, भुकटीसारखं आणि वास अजिबात नाही. अशक्त मुलांच्या खाण्यात चिमूटभर मिसळलं की मुलं अंग धरतात, असं त्यांच्या प्रबंधात होतं. पण कॉलेजला त्यांची खोली दुसऱ्या कामाला हवी होती. बाहेरून कुणी या पिठाची मागणी केली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत काम बंद, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नेमके त्याच आठवड्यात धोतर सावरत गोविंदराव दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी पनवेलहून आलो. तुमचं पीठ मला बाजारात आणायचंय."

झालं. वाचनालयाच्या सभागृहात रविवारी सकाळी प्रात्यक्षिक ठरलं. बेकरीवाल्या इस्माईलभाईंनी त्या पिठाची बिस्किटं भाजून दिली. "गोविंदराव, आपकी खातिर बनवली," ते म्हणाले, "पण माझं नाव कुठं घेऊ नका, मेहेरबानी." भातगिरणीचे शेठ भांडवल घालतील म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मासळी पुरवायला कोळीवाड्यातून हिराबाईंना बोलावलं. मासळीबाजारात त्यांचा शब्द चालत असे. आणि शास्त्रीय सल्लागार म्हणून मला व्यासपीठावर, बाईंच्या शेजारी.

बाई तिशी-पस्तिशीच्या होत्या. खाली बघत, कागद घट्ट धरून त्यांनी माहिती सांगितली. कुणाला ती कळली नाही. मग गोविंदराव बिस्किटांची थाळी घेऊन शेठजींपुढे गेले.

"घ्या शेठ. वास घेऊन बघा. मासळीचा वास येतो?"

शेठजींनी खुर्ची दोन हात मागे सरकवली. "नाही येत. त्याचीच तर भीती वाटते. वास आला असता तर निदान कळलं तरी असतं. उद्या माझ्या घरातल्या चहाच्या बिस्किटात काय आहे, मी कसं ओळखणार?"

सभागृहात हशा पिकला. गोविंदराव वळले हिराबाईंकडे. हिराबाईंनी बिस्किट नाकाला लावलं, मोडलं, पुन्हा नाकाला लावलं.

"ह्ये मासलीचं हाय?"

"हो, हिराबाई. तुमच्याच सुक्या मासळीचं."

"मासलीला वास नाय तर ती मासली कसली? आमी जल्मभर ज्या वासावर जगलो, तो या बायनं काराला कशाला? त्या वासानं तुमचं काय घोरं मारलं व्हतं?"

आता लोक बाकं बडवायला लागले. जे मासळी खात नव्हते त्यांच्या लेखी ती मासळी होती, जे खात होते त्यांच्या लेखी नव्हती. दोन्हीकडून गिऱ्हाईक गेलं. गोविंदरावांनी घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही सांगा. शास्त्रीय मत द्या."

मी उभा राहिलो. लोक हसत होते आणि मलाही हसवायची हुक्की आली. म्हणालो, "शास्त्रीयदृष्ट्या पीठ उत्तम आहे. फक्त ते खाणारा प्राणी अजून जन्माला यायचा आहे."

इतक्या टाळ्या मला आयुष्यात पुन्हा पडल्या नाहीत. बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि कागद पिशवीत भरायला घेतले.

गोविंदराव त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेले. मीही मागोमाग होतो, कारण माझी वाट तीच. बाई म्हणाल्या, "तुम्ही उगाच त्रास घेतलात. मी खोली रिकामी करून देते." तर हे गृहस्थ म्हणतात, "छे छे, बाई! पिठाचे दोन डबे राहू द्या माझ्याकडे. गिऱ्हाईक आहे."

मला ती थाप इतकी आवडली की संध्याकाळपर्यंत मी ती गावभर केली. पुढे कितीतरी दिवस गोविंदराव दिसले की कुणीतरी विचारायचं, "काय, गिऱ्हाईक कसं काय?" ते "आहे, आहे" म्हणत निघून जायचे. चहाच्या दुकानात येणं त्यांनी सोडलं. आम्हाला वाटलं, लाजले.

दोन-अडीच महिन्यांनी मी नेऱ्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवण जड झालं म्हणून डोंगराच्या कडेनं पायी परत निघालो. वाटेत आदिवासींची चार-सहा झोपड्यांची वाडी लागली. एका झोपडीपुढे आंब्याच्या फांदीला ताणकाटा टांगला होता, त्याला कापडाची झोळी, झोळीत एक मुलगी. वय दोनच्या पुढे असेल, दिसत होती वर्षाची. आणि गोविंदराव पोटनीस चष्मा कपाळावर चढवून काट्याचा आकडा वाचत होते.

मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले. मुलीची आई म्हणाली, "ह्यो म्हातारा दर आयतवारी येतो. पेजंत घालाया पीठ देतो. पोर आता उभी ऱ्हाते."

"पीठ कशाचं आहे ते ठाऊक आहे का हिला?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं. मासळी म्हटल्यावर खूश झाली," ते म्हणाले. मग हळूच, "वाडीत पीठ खाणारी चार मुलं होती. एक घर कोळशाच्या भट्टीवर कामाला निघून गेलं. तीन राहिली. बाईंना सगळं कळवतो. एका आठवड्यात वजन उतरलं होतं, तेही कळवलं. आठ वर्षं आहेत हो त्यांची. एकट्या बसून काढलेली. तुम्ही-आम्ही हसून मोकळे झालो."

मी झोळीतल्या मुलीकडे पाहिलं.

"या आकड्यांवर कॉलेजनं त्यांना आणखी वर्षभर खोली दिलीय," म्हणत त्यांनी खिशातून बाईंचं पत्र काढून दाखवलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. एवढंसं, चार ओळींचं पत्र. त्यांना दुसरं कुणाचं पत्र येत असेल असं मला वाटलं नाही.

मुलीला झोळीतून उतरवून त्यांनी आईकडे दिलं, वहीतून वजनांचा कागद फाडला आणि माझ्यापुढे धरला.

"मास्तर, एक काम कराल? याच्याखाली सही करा. पुढे बी.एस्सी. लिहा. मी मॅट्रिक नापास. माझ्या आकड्यांवर कुणी शंका घेतली तर बाईंची पंचाईत व्हायची."

मी पेन काढलं. सही करण्याआधी एक तरी वजन स्वतः बघायला हवं होतं. मी तसं म्हणालो. गोविंदरावांनी लगेच काटा खांद्यावर टाकला आणि पलीकडच्या झोपडीकडे माझ्या पुढे चालू लागले.