नानांचा भयपट

शेजारच्या नानांकडे रविवारी दुपारी चहाला जायचं तर घाबरायची तयारी ठेवूनच जावं लागतं. दारातच हुकूम सुटतो, "मोबाइल बंद, पडदे बंद, तोंड बंद!" मग शेव-मुरमुऱ्याची ताटली हातात येते आणि टीव्हीवर भयपट सुरू होतो. दर रविवारी तोच.

अख्ख्या जळगावात हा सिनेमा कुणी पाहिला असेल, तर तो नानांनी धरून बसवला म्हणून. नानांची चोपड्याला घरालगत केळी पिकवायची खोली होती. धुळ्याच्या चार हौशी पोरांनी पंधरा वर्षांपूर्वी तिथंच तो काढला. एक माणूस त्या खोलीत अडकतो आणि हळूहळू त्याचं डोकं फिरतं. भूत नाही, रक्त नाही. दीड तास केळी तेवढी पिवळी होतात.

"भूत दिसनं की भीती सरनी," नाना म्हणतात. "खरी भीती मनमा शे!"

मी जांभई गिळतो.

शेवटाकडे तो माणूस काळोखात कानोसा घेतो, आणि भिंतीपलीकडून बाईची हाक येते, "बठ्ठा जेवाले या रे, भरीत थंडं व्हयी ऱ्हायनं!" सगळ्यांना जेवायला बोलावणाऱ्या या नानांच्या पत्नी, अक्का. शूटिंग चालू आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. पोरांनी हाक तशीच ठेवली, आणि खरं सांगतो, अंगावर काटा येतो तो तिथंच. त्या दिवशी पोरं चारला जेवली. अक्का नेहमीसारख्या सगळ्यांच्या मागून.

अक्कांना जाऊन तीन वर्षं झाली.

मध्यंतरी सीडी अडखळायला लागली. मी उत्साहाने ती एका स्टुडिओत नेऊन पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. "मधले फालतू आवाज काढून टाका," असंही वर सांगून आलो. अतिशहाणा म्हणतात तो मीच.

रविवारी कानोशाचा प्रसंग आला. नाना पुढे सरकून बसले. भिंतीपलीकडे चिडीचूप. सिनेमा संपला तरी त्यांची ताटली भरलेलीच होती.

"आज मी भ्यानू भो," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत घरी गेलो. जुनी सीडी नशिबाने कपाटात होती. ती आणून सदऱ्याला पुसून लावली. दोनदा अडकली, पण हाक आली, आणि सीडी नेमकी तिथंच रुतून बसली. "जेवाले या रे... या रे... या रे..."

मी रिमोट उचलला. नानांनी माझा हात धरला. टीव्हीकडे बघत त्या हाकेला हळूच म्हणाले, "आज तू जेवी ले वं पयले."