माझा डोळा लागला त्याची हकिगत

सव्वीस वर्षांत माझ्या नजरेतून एकही वेलांटी सुटलेली नाही! मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणजे छपाईआधी कागद माझ्या टेबलावर येतो, मी लाल पेनाने त्यातल्या चुका काढतो आणि कोपऱ्यात सही करतो. माझी सही असली की मालकसुद्धा तो कागद पुन्हा वाचत नाहीत. संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या मुली पाठीमागे मला 'वेलांटीकाका' म्हणतात. मला ते आवडतं, पण तसं दाखवत नाही.

अशा माणसाच्या डोळ्यांत काचबिंदू निघावा, हा शुद्ध अन्याय झाला! चष्म्याचा नंबर काढायला गेलो आणि हे घेऊन आलो.

डॉक्टर म्हणाले, "डोळ्यातलं पाणी निचरून जायची वाट तुमची जन्मापासूनच अरुंद आहे. म्हणून आत दाब वाढतो. पुढच्या महिन्यात लेझरने वाट मोकळी करू. तोवर हे थेंब सकाळ-संध्याकाळ घाला. जरा सुस्ती येईल, घाबरू नका. आणि दुसरं कुठलंही औषध घ्यायचं असेल, तर आधी मला विचारा."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर 'दाब वाढत राहिला तर नजर जाते' हे वाक्य कानात शिरल्यावर पुढच्या वाक्यांना आत जागाच उरली नव्हती.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दिवसा थेंबांची सुस्ती आणि रात्री टक्क जागा! भीती वाटत होती, सरळच सांगतो. नजर गेली तर मी करणार काय? मला दुसरं काही येत नाही. एकदा तर डोळे मिटून घरात वावरता येतं का, ते करून पाहिलं. कपाटाने माझी नडगी फोडली.

"अहो, कपाटाशी मारामारी करण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करा," बायको म्हणाली.

केला. दवाखान्यातल्या बाईंनी उचलला.

"नमस्कार. डोळा लागत नाहीये हो."

"कशाला लागत नाही?"

"कशाला म्हणजे? लागतच नाही!"

"पापणी मिटत नाही का?"

"पापणी मिटते. डोळा लागत नाही."

"डावा की उजवा?"

"अहो, दोन्ही!"

"बरं. 'पापण्या मिटण्यास त्रास' असं लिहून घेते. पुढच्या गुरुवारी या."

पुढच्या गुरुवारपर्यंत कोण जागा राहणार? मी तडक कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक डबी पुढे केली.

"साधी गोळी आहे. सर्दीच्या गोळीची सख्खी बहीण. चिठ्ठी लागत नाही. दुसरं काही औषध चालू नाही ना?"

"छे! एकही नाही! तब्येत ठणठणीत!"

आता तुम्हीच सांगा, थेंबांना कोणी औषध म्हणतं का? औषध म्हणजे जे गिळताना तोंड वाकडं होतं ते. थेंब ते थेंब!

"डॉक्टरांना विचारलंत?" बायकोने डबी बघून विचारलं.

"झोपायला काय डॉक्टरांची परवानगी लागते?" मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार सुरेख वाटलं होतं.

गोळीने काम चोख केलं. शुक्रवारी मेल्यासारखा झोपलो. शनिवारी, रविवारीही तेच. सोमवारी सकाळी कामावर गेलो, तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती, अक्षरांना मिशा फुटल्या होत्या आणि दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत होती. मला वाटलं, पोटभर झोप झाली की जग असंच दिसत असणार! बऱ्याच दिवसांत झोपलो नव्हतो, त्यामुळे आठवत नव्हतं.

टेबलावर एका शाळेची निमंत्रणपत्रिका होती. मुख्याध्यापक निवृत्त होत होते, त्यांच्या निरोपाची. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीवर माझं डोकं टेकलं. जाग आली तेव्हा कागदावर माझी सही होती आणि जेवणाची सुट्टी संपत आली होती. सही झोपेआधी केली, झोपेत केली की उठता उठता केली, हे मला आजतागायत माहीत नाही.

चार वाजता मुख्याध्यापकांचा फोन आला. मालकांच्या खोलीत होता, पण मला माझ्या टेबलावर स्पष्ट ऐकू आला.

"छत्तीस वर्षं नोकरी केली मी! आरोप करायचे तर तोंडावर करा! हे असं पत्रिका छापून, पाहुणे बोलावून, चहा-फराळ ठेवून?"

मालकांनी मला आत बोलावलं आणि पत्रिका पुढे धरली. "वेलांटीकाका, हे काय छापलंय?"

"निरोप समारंभ," मी आठवणीवरून सांगितलं.

"वाचा नीट!"

मी कागद जवळ धरला, लांब धरला, तिरका धरला. अक्षर स्थिर होईना. भुवईच्या वर ठणकायला लागलं. शेवटी मालकांनीच वाचून दाखवलं, "आरोप समारंभ!"

बाहेर मुली फिदीफिदी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. चूक सुटली याचं दुःख होतंच, पण दाखवल्यावरही ती मला दिसत नव्हती!

"घरी जा," मालक हलक्या आवाजात म्हणाले. "डोळे दाखवून आल्याशिवाय टेबलावर बसू नका."

बायकोला बोलावून घेतलं आणि तिथूनच दवाखान्यात फोन लावला.

"तुम्ही ते पापणीवाले ना?" बाई म्हणाल्या.

"हो. आता उलटं झालंय. आता डोळा लागतोय!"

"डोळ्याला लागलंय?"

"लागला ना! कामावर, टेबलावर!"

"अगं बाई! टेबल लागलं?"

"टेबलावरच लागला. चांगले दोन तास!"

"दोन तास झाले लागून आणि आत्ता सांगताय?"

"आणि भुवईपाशी ठणकतंय."

"ठणकणारच! आहात तसे निघा! चोळू नका!"

आम्ही पोहोचलो तेव्हा बाई दारात कापूस घेऊन उभ्या होत्या. रांगेतल्या अकरा जणांना ओलांडून मला थेट आत नेलं. डॉक्टरांनी जखम शोधली. वर बघा, खाली बघा, उजवीकडे बघा.

"लागलंय कुठे?"

"टेबलावर."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. मग मला यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगून दाब मोजला. पुन्हा मोजला. मग तिसऱ्यांदा मोजला. डॉक्टर एकदा मोजतात तोवर माणूस धीर धरतो, तिसऱ्यांदा मोजलं की संपलंच.

"थेंब घालताय ना?"

"एकही चुकवला नाही."

"दुसरं काही घेताय?"

"काही नाही."

बायकोने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. "ही घेतायत. तीन दिवस झाले."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ही गोळी ती अरुंद वाट आणखी बुजवू शकते, म्हणाले. शिवाय थेंबांनी सुस्ती, गोळीने झोप, दोन्ही एकमेकींच्या खांद्यावर चढल्या, म्हणून दिवसाढवळ्या डोकं टेबलावर टेकलं. मग धावपळ झाली. नवे थेंब, वेगळी गोळी, दोन तास आतल्या खाटेवर. बायको माझा हात धरून बसली होती. ती मला एकदाही रागावली नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

दाब उतरला. डोळ्याची नस शाबूत होती. लेझर पुढच्या महिन्यावरून परवावर आलं.

"आणखी दोन दिवस घेतली असतीत तर..." डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं. अर्धवट वाक्य मला खपत नाही, पण ते पूर्ण करा असं म्हणायचा धीर झाला नाही.

"पण या डबीत पत्रक असतं," ते म्हणाले. "ते तरी वाचायचं!"

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आतापर्यंत तुमच्यापासून लपवली. मी ते पत्रक वाचलं होतं! पहिली गोळी घेण्याआधीच, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पण आमच्या धंद्यात अक्षर बघतात, अर्थाच्या भानगडीत पडत नाहीत. अर्थात गुंतलं की चूक सुटते.

डॉक्टरांनी पत्रक उलगडलं. मधोमध छापलं होतं, 'काचबिंदु असलेल्यांनी ही गोळी घेऊ नये.' त्यातल्या 'दु'भोवती ठसठशीत लाल गोल होता, समासात 'दीर्घ' लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती.

डॉक्टरांनी पत्रक दिव्याखाली धरलं.

"दुरुस्ती बरोबर आहे," ते म्हणाले.

"काचबिंदू कसा लिहायचा ते यांना माहीत आहे, डॉक्टर," बायको म्हणाली. "तो झालाय कोणाला, तेवढं माहीत नाही!"

मी तिचं वाक्य मनातल्या मनात दोनदा तपासलं. एकही चूक नव्हती.