लाल रंगाची तक्रार

संडासाच्या भांड्यात लाल रंग दिसला, तेव्हा शेडमास्तरांच्या मनात आधी भीती आली नाही, आधी शेडचा नंबर आला. तीनशे बारा. रंगाच्या दुकानात बावीस वर्षं उभं राहून गिऱ्हाइकाने आणलेल्या चिंधीशी, फरशीच्या तुकड्याशी नाहीतर बायकोच्या जुन्या ब्लाउजशी रंग जुळवून देणाऱ्या माणसाचं असंच होतं. भीती नंबरच्या मागोमाग आली आणि जी आली ती ठाण मांडूनच बसली. मास्तरांनी बादलीभर पाणी ओतलं. रंग गेला, धसका राहिला.

बाहेर त्यांचे वडील, म्हणजे नाना, पेपर घेऊन बसले होते. नाना बस डेपोत टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावर हाताशी बस उरली नाही, म्हणून त्यांनी घरातल्या एकुलत्या एक संडासाचं वेळापत्रक हाती घेतलं. सूनबाई बेकरीत कामाला, तिला पहाटे निघावं लागे, म्हणून पाच वाजता ती. सहाला स्वतः नाना. साडेसहाला मास्तर. बाहेर यायला कुणाला उशीर झाला की नाना घसा खाकरत. आज मास्तरांना चांगला उशीर झाला होता, तरी नाना खाकरले नाहीत. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते मनातल्या मनात स्वतःच्या विम्याची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत ते आठवत होते.

माणूस लग्नाचं, नोकरीचं, भावाभावांच्या भांडणाचं सगळं चारचौघांत सांगतो. पण सकाळच्या कार्यक्रमात काही बिघडलं की त्याची दातखीळ बसते. मास्तरांनी कुणालाच काही सांगितलं नाही. त्यांनी फोनला विचारलं. फोनने पहिल्या ओळीत मूळव्याध सांगितली, दुसऱ्या ओळीत बद्धकोष्ठाने पडलेली चीर सांगितली आणि पार खालच्या ओळीत कॅन्सर सांगितला. मास्तर दुकानात पोचेपर्यंत ती खालची ओळ नऊ वेळा वाचून झाली होती.

दुकानात त्यांचा स्वतःचा एक नियम होता. कुठलीही शेड पहिल्या नजरेत पास करायची नाही. एकदा दिव्याखाली बघायची, एकदा उन्हात बघायची आणि एकदा रंगाचा पट्टा सुकल्यावर बघायची. तीनदा जुळली तरच गिऱ्हाइकाला डबा द्यायचा. हाच नियम इथे लावायचा असं त्यांनी ठरवलं. एका सकाळवरून काही सिद्ध होत नाही, अजून दोन सकाळी बघू, मग डॉक्टरचं बघू. डॉक्टरकडे जायचं टाळण्यासाठी याहून शास्त्रशुद्ध कारण आजवर कुणाला सापडलेलं नसेल.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. एका बाईंना बाळाच्या खोलीसाठी सायीचा रंग हवा होता. मास्तरांनी पिवळ्याचे दोन थेंब टाकायच्या जागी लालचे सहा टाकले. डबा उघडला तर आत कापलेल्या कलिंगडाचा रंग. बाई नुसत्या डब्याकडे आणि मास्तरांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं, त्यामुळे मालक गल्ल्यावरून उठून आले आणि मास्तरांना आतल्या गोदामात घेऊन गेले. तिथे थिनरच्या डब्यांच्या आडोशाला मास्तरांनी अखेर तोंड उघडलं.

मालक स्वतः मूळव्याधीतले जुने खेळाडू. समदुःखी भेटला म्हणून त्यांचा चेहरा असा उजळला, की मास्तरांना क्षणभर त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं. मालकांनी आपल्या खुर्चीवरची भोकाची उशी दाखवली, ड्रॉवरमधली अर्धी वापरलेली मलमाची नळी काढून दिली आणि दहा वर्षांचा इतिहास सांगितला. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरकडे मात्र जाऊ नका. ते बोट घालून बघतात."

मास्तरांच्या भीतीला आता दोन तोंडं फुटली. आजाराचं एक आणि बोटाचं एक. दोन्हींपैकी मोठं कुठलं हे त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात मालकांनी, निव्वळ चांगुलपणाने, बेकरीत फोन लावला आणि वहिनींना सांगितलं, की यांना काही दिवस हलकं, पचेल असं जेवण द्या, कारण तुम्हाला माहीतच असेल.

मास्तरांच्या बायकोला काहीच माहीत नव्हतं. पावाचे ट्रे तसेच टाकून तिने नवऱ्याला फोन केला.

"रक्त पडतंय आणि तुम्ही मालकांना सांगता? मी कोण, शेजारीण?"

"पडतंय नाही गं. पडलं. एकदाच."

"बीट खाल्लं होतंत का?"

"नाही."

"दुखलं होतं?"

"नाही. म्हणूनच म्हणतोय, अजून दोन दिवस बघतो. तीनदा बघितल्याशिवाय..."

"ती भिंत नाही. तुम्ही आहात," ती म्हणाली. डॉक्टरकडची संध्याकाळी पाचची वेळ तिनेच घेतली. स्वतः रजा टाकून येते असंही म्हणाली.

घरी हे कळल्यावर नानांनी जे केलं त्याने दोघंही चाट पडली. नाना म्हणजे गेल्या वीस वर्षांत दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर नसलेला आजार शोधून काढतात, अशी त्यांची ठाम समजूत. ते म्हणाले, सूनबाईने कशाला रजा घालवायची, मी जातो याच्याबरोबर. आणि चार वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून दारात काठी टेकून उभे राहिले. मास्तरांना भरून आलं. आपण फार दिवसांचे सोबती नाही, हे नानांना कळलंय असं त्यांना वाटलं.

दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तक्रार काय आहे?" वीसेक माणसं मान वळवून बघू लागली. मास्तरांनी बरोबर दुकानातलं शेडकार्ड आणलं होतं, नुसतं तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून. ते छातीशी धरून ते पुटपुटले, "लाल रंगाबद्दल जरा बोलायचं होतं."

मुलीने कार्ड पाहिलं. "रंगाचं काम आम्ही सुट्टीच्या दिवशी करून घेतो. आत्ता पेशंट आहेत." आणि समोरच्या ओल आलेल्या भिंतीकडे बोट दाखवून, ही बघून ठेवा, म्हणाली. मास्तरांनी खुलासा करायचा सोडून खरोखर ती भिंत हाताने चाचपून पाहिली, आणि आधी पाण्याची गळती बंद करा, मग रंगाचं बघू, असा सल्लाही देऊन टाकला. शेवटी नानाच काठी आपटून म्हणाले, "याला परसाकडला रक्त पडलंय. लिहा." मग मात्र त्या वीसही जणांनी माना पुन्हा वळवून घेतल्या.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी एकेक प्रश्न विचारला. कधीपासून? आजच. किती? थोडंच. पोट साफ होतं का? होतं. वजन उतरलंय का? उलट चढलंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, काही चालू आहे का? नाही. मास्तरांची उत्तरं संपायच्या आत शेजारून नाना बोलले.

"डॉक्टर, समजा वजन उतरत असलं तर?"

"तर लवकर तपासावं लागतं. पण यांचं उतरलेलं नाही."

"नाही, समजा. आणि समजा मधेच येतं, मधेच थांबतं, असे पाच महिने झाले?"

"थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं, आजोबा. पण यांना तर आजच दिसलंय."

"हो हो. आणि वय जर समजा सत्तरच्या पुढे असलं..."

डॉक्टरबाईंनी मास्तरांच्या कागदावरचा सत्तेचाळीस हा आकडा पुन्हा वाचला. मास्तरांना वाटलं, काळजीने म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर राहिलेलं नाही. त्यांनी नानांच्या गुडघ्यावर थोपटलं.

मग डॉक्टरबाईंनी रंग विचारला. लालभडक होता, गडद होता, की डांबरासारखा काळा? काळा असेल तर रक्त वरून, पोटातून आलेलं असू शकतं. लाल असेल तर बहुतेक खालून. नुसत्या रंगावर मात्र जायचं नसतं, बघावंच लागतं. या प्रश्नाची मास्तर सकाळपासून तयारी करत होते. त्यांनी कार्ड उलगडलं.

"मधोमध हा, तीनशे बारा. आणि काठाला हा, तीनशे चौदा. सुकला की कुठलाही रंग एक-दोन शेड खाली जातो, तसा काठाला सुकून गडद झाला होता."

"सुकला होता? तुम्ही तिथून उठल्या उठल्या बघितलंत ना?"

"लगेच."

"मग सुकला कधी?"

मास्तरांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. खिडकी नसलेली खोली, सकाळची थंड हवा. पातळ पट्टा काठाला सुकायलासुद्धा अर्धा तास हवा. हे त्यांना सकाळी सात वाजताच कळायला हवं होतं. गिऱ्हाइकाच्या भिंतीवर त्यांनी ते लांबून ओळखलं असतं. आधी त्यांच्या अंगावरून एक मोठं ओझं उतरलं: माझं नाही. मास्तर जवळजवळ हसलेच. आणि मग अर्ध्या तासापूर्वी तिथे कोण होतं, ते वेळापत्रक त्यांना आठवलं.

नाना भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता मोठ्या अभ्यासूपणे वाचत होते.

"नाना."

"काही नाही रे. मूळव्याध असणार. या वयात व्हायचंच."

"पाच महिने?"

"रोज दोन बादल्या ओतत होतो. काल तू पाण्यावरून बोललास, म्हणून आज तांब्यावर भागवलं." नानांनी काठीची मूठ फिरवली. "सांगणार कुणाला? सूनबाईला?"

"मला सांगायचं."

"तू काय केलं असतंस?"

"डॉक्टरकडे आणलं असतं."

"म्हणूनच," नाना म्हणाले.

मास्तरांना राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. पाच महिने आपण याच माणसाला पाण्याच्या नासाडीवर व्याख्यानं दिली. नानांची पँट पट्ट्याने चुण्या पडेपर्यंत आवळलेली होती, तीही आज पहिल्यांदा दिसली. शंभर पांढऱ्यांतून सायीचा पांढरा वेगळा काढणारी नजर, आणि घरातला बाप तिला दिसला नव्हता.

डॉक्टरबाईंनी कागदावर मास्तरांचं नाव खोडून नानांचं घातलं. मूळव्याध असेलही, त्या म्हणाल्या, पण न बघता त्याला मूळव्याध म्हणायचं नाही. या वयात, वजन उतरत असताना तर नाहीच. नाना पडद्यामागे गेले. पाच मिनिटांनी पट्टा आवळत बाहेर आले आणि मुलाच्या कानात म्हणाले, "मालकांना सांग, बोटाचं एवढं काही नसतं."

पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीने तपासणी झाली. आतड्यात वाटाण्याएवढी गाठ निघाली, ती तिथल्या तिथे काढली. ती तपासून रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सूनबाई बेकरीतून आल्या आल्या आधी नानांचा चेहरा बघायची, मग चप्पल काढायची. रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता, पण गाठ त्याच वाटेला लागली होती, अजून दोन-तीन वर्षं दोन बादल्यांवर काढली असती तर सांगता येत नव्हतं. हे ऐकून मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि खुशाल सगळ्यांसमोर डोळे पुसले.

तेव्हा डॉक्टरबाई त्यांच्याकडे वळल्या. "वडिलांना अशी गाठ निघाली, म्हणजे मुलाने रक्ताची वाट बघायची नसते. तुमची पंचेचाळिशी झालीच आहे. तुम्हीही तपासून घ्या."

मास्तर म्हणाले, आमच्या दुकानात सध्या फार काम आहे. नाना म्हणाले, गुरुवारची वेळ द्या.

बुधवारी पोट साफ करायचं औषध घ्यायचं होतं. नानांनी वेळापत्रकात तो अख्खा दिवस मुलाच्या नावावर टाकला आणि स्वतःची व सूनबाईची सोय शेजाऱ्यांकडे केली. गुरुवारी दवाखान्यात, बरोबर कोण आहे असं विचारल्यावर नाना पुढे झाले आणि म्हणाले, "मी. माझं झालेलं आहे." बाकावरच्या दोन अनोळखी माणसांना त्यांनी समजावून सांगितलं, की अजिबात घाबरायचं नसतं, लाजायचं नसतं, अंगावर काढायचं तर नसतंच. मास्तर आत जाताना नाना त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "निवांत जा. मी आहे."

दार लागलं. स्वतःचं रक्त पाच महिने कुणाला कळू न देणारा हा माणूस, मुलाच्या न पडलेल्या रक्तापायी काठी विसरून बाहेर येरझारा घालू लागला. नर्स बाहेर आली की तो तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा. तिसऱ्यांदा त्याने तिचा हातच धरला.

"बाई, खरं काय ते सांगा. मी बाप आहे. काही निघालं का त्याला?"

"आजोबा," नर्स म्हणाली, "ते अजून कपडे बदलतायत."