हरसिंगचे लोकरीचे हातमोजे

मे महिन्यात दारव्ह्याच्या बैलबाजारात लोक टरबूज कापून खातात. हरसिंग ते तव्यावर गरम करून खातो. डोक्याला कानटोपी, पायात दोन-दोन मोजे, हातात लोकरीचे हातमोजे. उसाचा रस दिला तर चहावाल्याकडून उकळून आणतो. वर ठरलेलं वाक्य : "थंड्याचं अन् आपलं जमत नाही, बाप्पा."

मी दावी-कासरे विकत वर आलेला माणूस. मला फसवणं सोपं नाही. हरसिंग तांड्यावरचा, बैलांचा दलाल. आमचे सौदे जुने. दुपट्ट्याखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. सौदा तुटला की हात सोडायचा. आता लोकरीतून बोटं चार की पाच, कळणार कसं? त्या घोळात एक गोऱ्हा मी भलत्याच भावात घेतला. तो अजून माझ्या गोठ्यात बसून खातो. नांगर दिसला की आडवा होतो.

हातमोजे काढ म्हटलं, तर काढेना. माझ्या घरात येणंही बंद. अंगणात उभा राहायचा आणि चहासाठी पिशवीतून स्वतःची कपबशी काढायचा. मी भर बाजारात विचारलं, "काहून बे, माह्या कपाले काय काटे हायेत?" त्यानं हातमोजे आणखी वर ओढले. ते जास्त झोंबलं.

मग त्याचे पाय सुजले, लाल ठिपके उठले. मीच त्याला गाडीत घालून यवतमाळला नेलं. वाटेत भांडता येईल, हाही हिशेब होता.

त्याचं दुखणं डॉक्टरांना ओळखीचं, त्याला रक्ततपासणीतून आधीच कळलेलं, मला नवं. हिपॅटायटिस सी. विषाणूशी भांडता भांडता शरीर स्वतःच्याच किडनीवर उलटलेलं. आणि थंडी लागली की रक्तातलं काहीतरी साकळायचं, पायांच्या शिरांना इजा व्हायची. बाजारातल्या मारामारीत चहावाल्याची किटली फुटावी, तसं. गोळ्यांनी विषाणू जाईल, म्हणाले. किडनीला मात्र जपावं लागेल.

हरसिंगनं किडनीचं काही विचारलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "सायब, याच्या हाताले हात लागला, याच्या घरच्या कपातून चहा पेलो, त याले होते का हे?"

"नाही हो. हा रक्तातून पसरतो. हातानं नाही, कपानं नाही."

बाहेर बाकावर त्यानं हातमोजा काढला, दुपट्टा टाकला आणि माझा हात धरला. बोटं दाबली. मी दिलेल्या भावात तो गोऱ्हा परत घेत होता.

"जमत नाही," मी म्हटलं.

सौदा तुटला. हात दोघांनीही सोडला नाही.