ब्रनोत सायरन वाजला तेव्हा

मी कशालाही घाबरत नाही, असं निघताना मी अख्ख्या दांडीला सांगून आले होते. दांडी म्हणजे तारापूरच्या किनाऱ्यावरचं आमचं मच्छीमार गाव. एका अंगाला अणुवीज केंद्र, मागे बोईसरचे कारखाने, पुढे समुद्र. "इथे बावीस वर्षं काढलेली मुलगी परदेशाला काय घाबरणार?" असं मी सोमीमावशीला ऐकवलं होतं.

चेक देशातल्या ब्रनो शहरात मी एम.एस्सी.साठी पोचले आणि आठवडाभरातच कळलं, की मी जवळजवळ सगळ्यालाच घाबरते. ट्रामच्या दाराचं बटण दाबायला घाबरायचे, म्हणून दुसरं कोणी उतरेल त्याच थांब्यावर उतरायचे आणि उरलेलं चालायचे. दुकानात बोलायला लागू नये म्हणून महिनाभर पाव आणि केळी खाल्ली. एकदा लोणी समजून यीस्टची वडी पावाला लावली.

सगळ्यात जास्त भीती घरमालकीणबाईंची. बोझेनाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, डोलकाठीसारख्या उंच आणि ताठ. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. त्या स्वयंपाकघरात असल्या की मी प्यायला पाणी घ्यायलाही खोलीबाहेर पडत नसे.

ऑक्टोबरचा पहिला बुधवार होता. दुपारी बरोबर बाराला शहरभर सायरन सुरू झाला.

आमच्या गावात सायरनला एकच अर्थ असतो: अणुवीज केंद्रातून गळती. शाळेपासून त्याची कवायत केलेली. घरात शिरायचं, खिडक्या लावायच्या, फटीत ओलं कापड कोंबायचं, नाकावर ओला रुमाल धरायचा आणि पुढची सूचना येईपर्यंत हलायचं नाही. माझे बाबा, भगवंत, गावचे स्वयंसेवक. कवायतीच्या दिवशी हातात कर्णा घेऊन गल्लीगल्लीत ओरडत तेच फिरतात. त्यात ब्रनोपासून तासाभरावर अणुवीज केंद्र आहे, हे मी यायच्या आधीच नकाशात बघून ठेवलं होतं. आमच्याकडची माणसं नव्या गावी आधी तेच बघतात.

सायरन थांबला आणि भोंग्यातून एक पुरुष गंभीर आवाजात काहीतरी सांगू लागला. मला एक शब्द कळला नाही, पण इतक्या शांतपणे माणूस वाईटच बातमी देतो. मी बाबांना फोन लावला.

"बाबा, इथे सायरन झाला."

पलीकडे समुद्र ऐकू येत होता. मग बाबांचा कवायतीतला आवाज. "खिडक्या लावल्यास?"

"लावते."

"बिनखिडकीची खोली हाय का?"

"बाथरूम आहे."

"मग तितं शिर. वलं कापड दाराखाली. घरात आनिक कोन हाय?"

"घरमालकीण."

"तिला सोडून नको जाऊ. म्हातारं मानूस पयलं आत घ्यायचं."

बोझेनाबाई स्वयंपाकघरात सूप ढवळत होत्या. महिनाभरात ज्या बाईकडे मी मान वर करून बघितलं नव्हतं, तिचा मी हात धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं, कानाला फोन होता. माझ्या घरी कोणी तरी गेलं, असा त्यांचा समज झाला. त्यांनी मला पोटाशी धरलं आणि निमूट माझ्याबरोबर आल्या. आत गेल्यावर मी कडी घातली, दाराखाली ओला टॉवेल कोंबला आणि दाराच्या चारी कडांना चिकटपट्टी लावली. त्यांच्या तोंडाला ओला रुमाल बांधायला गेले, तेव्हा मात्र त्या मागे सरकल्या.

"स्कोउश्का," त्या म्हणाल्या. वर बोट दाखवलं. "सिरेना. स्कोउश्का."

हा शब्द मला येत होता. विद्यापीठात फलकावर लिहिलेला असे: परीक्षा. मी म्हटलं, "नाही बाई, आज परीक्षा नाही. आज आपण वाचलो तर पुष्कळ."

फोनवर आई आली. आईचं नाव गोजराबाई, आवाज किनाऱ्यावरून होडीपर्यंत पोचणारा. "किरणांवरची आयोडीनची गोळी हाय का गे?"

"नाही. तापाची आहे."

"ती घे. म्हातारीलाबी दे. पोटात कायतरी असूदे."

मी घेतली. बोझेनाबाईंनी घेतली नाही. मागे बाबा कोणाला तरी सांगत होते, "जिवल्या, गाडी काढ. कोळगावला जायचंय, कलेक्टर हापिसात. पोरीला परत आनायला सरकारच लागंल." फोन बंद झाला.

पाऊण तास आम्ही दोघी टबाच्या कडेवर बसून होतो. त्या माझी पाठ थोपटत होत्या, मी त्यांचे गुडघे धरून बसले होते. वाटलं, शेवट असा व्हायचा होता. जिच्याशी कधी नमस्कारापुढे बोलले नाही, तिच्या शेजारी. आणि मग वास आला. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून करपट, कडवट असा वास.

"वायू," मी म्हटलं आणि रुमाल दाबून धरला.

"पोलेव्का," बोझेनाबाई ओरडल्या आणि उठल्या. मला वाटलं, त्यांचा धीर सुटला. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी मला कमरेसकट ओढत दारापर्यंत नेलं. चिकटपट्टी टराटरा फाटली, दार उघडलं, आणि सगळं घर धुराने भरलेलं दिसलं. त्याच वेळी फोन वाजला.

"पोरी," बाबांचा आवाज एकदम उतरलेला होता. "हितं आपत्तीच्या खोलीत प्रफुल्ल नावाचा क्लार्क हाय. त्यानं नेटवर बघितलं. तुज्या तितं दर म्हयन्याच्या पयल्या बुधवारी बाराला सायरन वाजवून बघतात. चालतो का नाय ते."

मग म्हणाले, "तुज्या फोनात नेट नाय काय?"

होतं. सुचलं नव्हतं. स्कोउश्का म्हणजे परीक्षा, आणि चाचणीसुद्धा, हेही त्याच नेटवर मला तेव्हा दिसलं.

पोलेव्का म्हणजे सूप, आणि त्या सुपाचं भांडं बोझेनाबाईंच्या आईचं होतं. बुडाला दोन बोटं कोळसा. मी त्यांच्यासमोर रडले, या वेळी लाजेने. त्यांनी माझ्या हातात घासणी दिली. तीन दिवस आम्ही शेजारी उभ्या राहून ते घासलं. त्या एकेका गोष्टीचं नाव सांगत, मी म्हणत असे. दुसऱ्या दिवशी मला भूक लागली, हे मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. तिसऱ्या दिवशी एकटीने दुकानात जाऊन मीठ मागून आणलं. येताना ट्रामचं बटणही दाबलं.

पुढच्या आठवड्यात चेक भाषेच्या वर्गात बाईंनी प्रत्येकाला उभं करून घराविषयी बोलायला सांगितलं. बाकीचे 'माझ्या घरात तीन खोल्या आहेत' यावर अडखळत होते. मी न थांबता बोलले: भांडं करपलं. आम्ही घासलं. निघालं नाही. अजून घासलं. मीठ आण.

बाई म्हणाल्या, व्याकरणात एकही चूक नाही. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच इंग्रजीत विचारलं, राहत्या घरी सगळं ठीक आहे ना.